लहान मुलांना घेऊन फ्लॉरेन्समध्ये एक दिवस: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर आखणी

परदेशात लहान मुलांना घेऊन शहर बघायचं म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काहीजण ‘एवढे पैसे घातलेत, आता काही सोडायचं नाही’ म्हणून सकाळी आठ ते रात्री दहा पोरांना फरफटत नेतात. काहीजण ‘मुलं मोठी झाली की बघू’ म्हणत वर्षं घालवतात. तीन ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर परदेशातलं शहर छान बघता येतं. फक्त दिवस मुलाच्या भुकेवर, झोपेवर आणि पायांवर आखायचा. बघायच्या ठिकाणांची यादी त्यानंतर करायची, आधी नाही.

इथं मी इटलीतलं फ्लॉरेन्स घेतलंय आणि त्याला कारण आहे. युरोपच्या सहलीत आपली माणसं रोम, व्हेनिस, पॅरिस करतात. फ्लॉरेन्स बसच्या खिडकीतून किंवा दोन तासांच्या थांब्यात उरकलं जातं. पण त्याच शहरात आर्नो नदीच्या काठावर कोल्हापूरच्या छत्रपतींचं स्मारक उभं आहे. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम, १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथल्या प्रशासनानं परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. पुढं १८७४ मध्ये त्याच जागी छत्री आणि अर्धपुतळा उभारला गेला. कोल्हापूरच्या मुलानं आयुष्यात बघितलेलं पहिलं परदेशी शहर हे असावं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक सोय. फ्लॉरेन्स मोठं नाही. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. जुनं गाव पायी फिरण्याएवढं आटोपशीर आहे, आणि मुलं बरोबर असताना शहर निवडताना ही बाब सगळ्यांत आधी बघावी.

निघण्याआधी कोल्हापुरात करायच्या गोष्टी

व्हिसा. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि तान्ह्या बाळालाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मोठ्यांना फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना फी नाही. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला, कारण मार्च-एप्रिलमध्ये वेळ मिळणं अवघड होतं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. आई-वडिलांपैकी एकच जण मुलाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा.

महिना. आपल्या शाळांच्या सुट्ट्या म्हणजे मे आणि दिवाळी. मेचा पहिला पंधरवडा उत्तम, हवा सुखद आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड. जून संपता संपता ऊन वाढतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंशांच्या वर पारा गेला की त्या दगडी गल्ल्यांत पोरं कोमेजतात. दिवाळीत गर्दी कमी असते, पण पाऊस येऊ शकतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेल्यावर पाचच्या सुमारास अंधारून येतं. त्या काळात दुपारचा सगळा कार्यक्रम तासभर अलीकडे ओढा.

वार. सोमवारी आकादेमिया आणि उफ्फीत्सी ही दोन्ही मोठी संग्रहालयं बंद असतात. रविवारी सकाळी मुख्य कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असल्यानं पर्यटकांना आत सोडत नाहीत. मंगळवार ते शुक्रवार यांतला एक दिवस धरा. मंगळवारी सकाळी कास्चिने बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. कपडे, चपला, भांडी, सगळं मिळतं. बाजाराची हौस असेल तर मंगळवार, नसेल तर बुधवार.

खाऊ. हा मुद्दा नीट वाचा, कारण विमानतळावर यावरूनच डोळ्यांत पाणी येतं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तूप, श्रीखंडाची वडी, सगळं घरी ठेवायचं. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक मर्यादेत सूट आहे. ताज्या फळांनाही नियम आहेत, त्यामुळं सफरचंद-डाळिंब पिशवीत टाकू नका. भडंग, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, तेलावर भाजलेली धपाटी, राजगिऱ्याचे लाडू, खारीक, मेतकूट, हे चालतं. कांदा-लसूण चटणीची एक छोटी डबी मोठ्यांसाठी घ्याच. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानातला पाव पिढ्यान्‌पिढ्या बिनमिठाचा भाजतात आणि तिसऱ्या दिवशी जिभेला काहीतरी हवं होतं. डबी दोन पिशव्यांत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत नको. तेल सुटलं तर कपड्यांवरचा डाग जात नाही.

बाबागाडी. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात रस्त्यांवर दगडी फरशा आहेत आणि पदपथ काही ठिकाणी एवढे अरुंद की समोरून माणूस आला तर खाली उतरावं लागतं. बारीक चाकांची गाडी तिथं अडकते. मोठ्या चाकांची, पण मिटणारी बाबागाडी घ्या. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर अंगावर बांधायची झोळीही घ्या. चार-पाच वर्षांचं मूल ‘आता मोठं झालंय’ म्हणून गाडी घरी ठेवू नका. घराच्या अंगणात दिवसभर पळणारं मूलही अनोळखी शहरात तीन किलोमीटरनंतर बसतं, आणि दुपारची झोप कुठं काढायची हा प्रश्न गाडीनंच सुटतो.

तिकिटं. आकादेमियाची सकाळची पहिली वेळ, म्हणजे सव्वाआठची, आधीच आरक्षित करा. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, देश कुठलाही असो. पण मोफत असलं तरी मुलांची नोंद आरक्षणात करावी लागते आणि वयाचा पुरावा जवळ लागतो.

पहाट ही तुमची

भारत आणि इटलीच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे. घरी सातला उठणारं मूल मे महिन्यात पहिल्या दिवशी तिथल्या साडेतीनला टक्क जागं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते साडेपाचपर्यंत येतं. आई-बाप याला वैतागतात. मला वाटतं हा सहलीतला सगळ्यांत मोठा फायदा आहे. सकाळी साडेनऊनंतर जिथं पाय ठेवायला जागा नसते, ते चौक सातला रिकामे असतात. कबुतरं, झाडूवाले, दुकानांना माल पोचवणाऱ्या छोट्या गाड्या आणि तुम्ही. म्हणून ही आखणी पोचल्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसासाठी ठेवा, आणि संध्याकाळी सहाला दिवस संपणार हे मनाशी पक्कं करा. मुलाचं शरीर तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजल्याचं सांगत असतं.

निघण्यापूर्वी तीन कामं. मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत पूर्ण फोटो काढा. हातावर पट्टी बांधून त्यावर देशाच्या क्रमांकासह फोन नंबर लिहा. आणि मुलाला एकच सूचना द्या: चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, आई-बाबा परत येतील. शोधायला निघालेलं मूल सापडायला वेळ लागतो, उभं राहिलेलं लगेच सापडतं. आणीबाणीचा क्रमांक ११२.

साडेसहा-पावणेसातला बाहेर पडा आणि थेट दुओमोच्या चौकात या. दुओमो म्हणजे सांता मारिया देल फ्योरे हे कॅथेड्रल. पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराची नक्षी आणि वर ब्रुनेलेस्कीचा विटांचा घुमट, जो १४३६ मध्ये पुरा झाला. मुलाला पळू द्या. इमारतीला एक पूर्ण फेरी मारा, समोरच्या बाप्तिस्तेरोच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेगळ्या इमारतीच्या, सोनेरी दारासमोर थांबा आणि दारावरच्या चौकटींमध्ये प्राणी शोधायला सांगा. एवढं पुरे.

घुमटावर चढायचं का? ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट चिंचोळी, आणि मध्येच ‘मला परत जायचंय’ म्हटलं तर सोय नाही. शेजारच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या. आठ वर्षांखालच्या मुलांना किंवा गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन चढू नका. कॅथेड्रलच्या आत जायला पैसे लागत नाहीत, पण रांग लांब असते. लहान मुलांसाठी ती रांग लावण्याजोगी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. घुमटाचं खरं रूप बाहेरूनच दिसतं. आत जाणारच असाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठ्यांचे निश्चित.

न्याहारी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात. इटलीत त्याला बार म्हणतात आणि तिथं सकाळी शाळेची मुलंही दूध-बिस्किट खात असतात, त्यामुळं नावानं दचकू नका. काउंटरपाशी उभं राहून खाल्लं तर स्वस्त, टेबलाशी बसलं तर दर वाढतो. मुलाला गरम दूध आणि कोर्नेत्तो, म्हणजे गोडसर अर्धचंद्राकृती पाव. निघताना तिथलंच स्वच्छतागृह वापरा. सार्वजनिक स्वच्छतागृहं कमी आहेत आणि बहुतेक ठिकाणी पैसे घेतात, म्हणून युरोची सुटी नाणी खिशात असू द्या. ‘बान्यो?’ एवढं विचारलं की लोक हात करून दाखवतात.

गोफणवाला मुलगा

सव्वाआठला आकादेमिया. दिवसभरातलं हे एकमेव संग्रहालय. उफ्फीत्सीचा मोह टाळा. ते मोठ्यांना तीन तासांतही संपत नाही आणि मुलं चौथ्या दालनात जमिनीवर लोळतात.

आकादेमियात मोठी सॅक नेता येत नाही, छोटी पिशवी ठेवा. आत गेल्यावर लांब दालन लागतं आणि त्याच्या टोकाला मायकेलअँजेलोचा डेव्हिड दिसतो. उंची ५.१७ मीटर, म्हणजे सतरा फूट. १५०१ ते १५०४ या काळात एकाच संगमरवरी खडकातून कोरलेला.

मुलाला आधी गोष्ट सांगा. एका राक्षसाएवढ्या सैनिकासमोर मोठमोठे योद्धे घाबरले, तेव्हा मेंढ्या राखणारा एक पोरगा पुढं आला. त्याच्याकडं तलवार नव्हती, होती ती गोफण. आता पुतळ्याच्या मागं न्या. डाव्या खांद्यावरून पाठीवर उतरलेला पट्टा दिसतो, तीच गोफण. आपल्याकडं शाळू राखायला गोफण वापरायचे, आजोबांनी ती दाखवली असेल तर मूल लगेच ओळखतं. मग उजवा हात बघा. बोटं दगडावर आवळलेली, हाताच्या पाठीवर फुगलेल्या शिरा. मुलाला स्वतःची मूठ आवळायला सांगून त्याच शिरा त्याच्या हातावर दाखवा. पाच वर्षांचं मूल या एका गोष्टीवर दहा मिनिटं रमतं. लांब दालनात दोन्ही बाजूंना अर्धवट कोरलेले पुतळे आहेत, दगडातून बाहेर पडायला धडपडणारे. हा हात कुठं, डोकं कुठं, असं विचारत परत या. पाऊण तास झाला की बाहेर. मूल अजून खुशीत असतानाच निघायचं, हा नियम दिवसभर पाळा.

नदीकडं चालत

आकादेमियाच्या रस्त्यानं सरळ खाली आलं की पुन्हा दुओमो, आणि तिथून पुढं रिपुब्लिका चौक. तिथं जुन्या धाटणीचा लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा आहे. तो सकाळ जरा वर आल्यावर सुरू होतो. दोन फेऱ्या द्या. ‘हे तर रंकाळ्यावरपण मिळतं’ असं म्हणून वाचवायची ही जागा नाही. मुलाच्या दृष्टीनं त्या दिवसाचं मुख्य आकर्षण कदाचित हेच असेल.

दोन मिनिटांवर मेर्कातो नुओव्हो हा छपराखालचा बाजार आहे आणि त्याच्या कडेला कांस्याचं रानडुक्कर. लोकांनी हात लावून लावून त्याचं नाक सोन्यासारखं चकचकीत झालंय, बाकी अंग काळपट. रीत अशी: जिभेवर नाणं ठेवायचं, नाकावरून हात फिरवायचा, आणि नाणं घसरून खालच्या जाळीतून आत पडलं तर नशीब चांगलं. मोठं नाणं कडेवर अडकतं. लहान, जड नाणं जिभेच्या टोकाशी ठेवलं तर सरळ पडतं. मुलं पुन्हा पुन्हा करायला मागतात, म्हणून पाच-सहा नाणी वेगळी काढून ठेवा. इथं गर्दी होते आणि सगळ्यांचं लक्ष मुलांकडं असतं. खिसेकापूंना हे चांगलं माहीत आहे. पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये असावेत, स्टेशनवर आणि ट्राममध्येही.

पुढं सिन्योरिया चौक. डेव्हिडची प्रतिकृती, नेपच्यूनचं कारंजं, आणि लोज्जा देई लान्झी हा उघडा मंडप, जिथं उत्तमोत्तम शिल्पं विनातिकीट बघता येतात. कारंज्याजवळ नगरपालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. साधं पाणी येतं आणि बुडबुड्यांचंही. मुलांना हा नळ फार आवडतो. बाटल्या भरून घ्या, शहरातलं नळाचं पाणी निर्धोक आहे.

इथून मागच्या बाजूला, पालात्सो वेक्कियो या जुन्या राजवाड्याच्या पाठीशी, व्हिया दे नेरी नावाची गल्ली आहे. गर्दीचा लोंढा नदीकडं जातो, तुम्ही पाच मिनिटं या गल्लीत शिरा. सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर भिंतीत दोन जुन्या खुणा आहेत. एक १३३३ च्या पुराची, दुसरी ४ नोव्हेंबर १९६६ च्या. १३३३ चा पूरही ४ नोव्हेंबरचाच. १९६६ ला या भागात काही ठिकाणी पाणी साडेचार मीटरच्या वर चढलं होतं. ती पाटी मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही खूप वर आहे, मुलाला खांद्यावर घेतलं तरी हात पोचत नाही. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्या घरांनी पाहिलाय, त्यांना तिथं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. चिखलात बुडालेली पुस्तकं आणि चित्रं वाचवायला १९६६ मध्ये जगभरातून तरुण मुलं आली होती, हेही मुलांना सांगा.

मग पोंते वेक्कियो. आजचा पूल १३४५ चा. आधी इथं खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये ती हलवून सोनारांना जागा दिली, आणि तेव्हापासून पुलावर दोन्ही बाजूंना सराफी पेढ्या आहेत. पुलावर गुजरी भरलीये असं म्हटलं की कोल्हापूरच्या मुलाला चित्र कळतं. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकी पूल उडवले, हा एक राहिला. मध्यभागी मोकळी जागा आहे, तिथून नदी बघा. आणि रस्त्यावर चादर पसरून नामांकित ब्रँडच्या नकली पर्स विकणारे भेटतात, त्यांच्याकडून काही घेऊ नका. इटलीत नकली माल घेणाऱ्यालाही दंड होतो.

जेवण बाराला

इथल्या खानावळी साधारण अडीच-तीनला बंद होतात आणि पुन्हा सात-साडेसातला उघडतात. ‘अजून एक ठिकाण बघू, मग जेवू’ म्हणालात तर तीन वाजता भुकेलं मूल आणि बंद दारं, अशी गाठ पडते. सव्वाबाराला टेबल पकडा. तेव्हा गर्दी नसते आणि वाढपीही मुलांशी निवांत बोलतात. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागतील, ती टेबलाची नेहमीची आकारणी आहे, फसवणूक नव्हे.

शाकाहारी असाल तर मार्गेरिता पिझ्झा, टोमॅटो सॉसचा पास्ता, पाप्पा अल पोमोदोरो (पाव आणि टोमॅटोचं दाटसर, मऊ, खिमटासारखं), आणि रिबोल्लीता (पालेभाज्या, घेवडा आणि पावाचं सूप). मुलांना पाप्पा सहज भरवता येतं. ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, पारमेझान चीज वासराच्या जठरातल्या द्रव्यानं विरजतात, ते नको असेल तर वरून भुरभुरवू नका असं आधीच सांगा.

मांसाहार करणाऱ्यांनी शब्द पाठ करावेत: पोल्लो म्हणजे कोंबडी, आन्येल्लो कोकरू, मान्झो गोमांस, मायाले डुकराचं. रागू नावाचा लाल सॉस नुसता टोमॅटोचा वाटतो, पण त्यात बहुधा गोमांस किंवा डुकराचं मांस असतं. या शहराची प्रसिद्ध बिस्तेक्का गोमांसाची, आणि गाड्यांवरचा लाम्प्रेदोत्तो गाईच्या पोटाचा. न विचारता काही मागवू नका.

स्वतःचा डबा खायचा असेल तर कॅथेड्रलच्या पायऱ्या किंवा दुकानांचे उंबरे टाळा, पोलीस उठवतात. सांता मारिया नोव्हेल्लाच्या चौकात बाकं आणि हिरवळ आहे.

दुपारची झोप आणि महाराजांची छत्री

आता या आखणीचा गाभा. स्मारक कास्चिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. बाग नदीच्या काठाकाठानं साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली, रस्ता सपाट, सावली दाट, गाड्यांचा त्रास नाही. गावात दगडांवर आपटणारी बाबागाडी इथं लोण्यासारखी चालते. जेवलेलं मूल दहा मिनिटांत झोपतं.

जायचं असं: सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनशेजारी ‘आलामान्नी’ थांब्यावरून टी-१ ट्राम, व्हिला कोस्तान्त्साच्या दिशेची. दुसरा थांबा कास्चिने. संपर्कविरहित कार्ड ट्राममधल्या यंत्रावर टेकवून तिकीट होतं. कागदी तिकीट घेतलं तर आत शिरल्या शिरल्या शिक्का मारा, नुसतं खिशात असून चालत नाही. उतरल्यावर नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडं सरळ चालत जायचं, सुमारे तीन किलोमीटर.

परतही तेवढंच, हे आधीच लक्षात घ्या. सहा-सात वर्षांचं मूल बाबागाडीत मावत नसेल किंवा बरोबर आजी-आजोबा असतील, तर स्टेशनसमोरच्या टॅक्सीतळावरून टॅक्सी करा. ‘मोनुमेन्तो आल्लिन्दियानो’ म्हणा आणि जितकं जवळ जाता येईल तितकं सोडायला सांगा. मग एकाच बाजूनं, निवांत, ट्रामकडं चालत या. रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबत नाही. ती तळावरूनच घ्यावी लागते किंवा फोन करून बोलवावी लागते.

मुन्योने जिथं आर्नोला मिळते तिथं झाडीत छत्री दिसते. रचना मेजर चार्ल्स मँट यांची. आपला न्यू पॅलेस ज्यांनी आखला तेच हे मँट. मुलांनी न्यू पॅलेस बघितलेला असतोच, म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी तो पुन्हा एकदा दाखवून आणा आणि इथं आल्यावर ओळख पटते का बघा. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा. डोईवर पागोटं, गळ्यात दागिने, आणि चेहरा एकदम कोवळा. शेजारी १९७८ साली बांधलेला मोठा पूल आहे आणि या स्मारकावरून त्याला ‘पोंते आल्लिन्दियानो’ म्हणतात. फ्लॉरेन्सचा माणूस रोज गाडी घेऊन त्या पुलावरून जातो, कोल्हापूरच्या राजाच्या आठवणीनं पडलेलं नाव घेत.

इथं अर्धा तास तरी बसा. मुलं उठली की चिक्की आणि पाणी द्या. महाराजांनी या प्रवासात रोजनिशी लिहिली होती आणि ती १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. तेव्हा मुलांच्या हातात वही द्या, लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या: डुक्कर, गोफण, छत्री, काहीही. फुलं वाहायची इच्छा असेल तर गावातूनच घेऊन या. तुपाचं निरांजन किंवा उदबत्ती लावू नका, बागेत वाळकं गवत असतं.

परत येताना बागेत झोके आणि घसरगुंड्या आहेत. मुलांनी इथवर खूप सहन केलेलं असतं, त्यांना पोटभर खेळू द्या. पण अंधार पडायच्या आत बागेतून बाहेर पडा. रात्री ही जागा कुटुंबासाठी नाही.

संध्याकाळ

पाच-साडेपाचला ट्रामनं पुन्हा स्टेशनपाशी. जेलातो आता, सकाळी नव्हे. डोंगरासारखा रचलेला, भडक रंगाचा जिथं दिसेल ते दुकान सोडा. झाकणाच्या डब्यांत ठेवलेला, पिस्त्याचा रंग मातकट असलेला बहुधा चांगला निघतो. खानावळी अजून बंद असतात, पण वजनावर विकला जाणारा पिझ्झा दुपारभर मिळतो, आणि स्किआच्चाता म्हणजे मीठ आणि ऑलिव्ह तेल लावलेली चपटी पोळी भट्टीच्या दुकानात मिळते. दोन्ही बांधून घ्या आणि हॉटेलवर जेवा. स्टेशनमधल्या सुपरमार्केटात दही, केळी, दूध मिळतं. दहीभाताची सवय असलेल्या मुलांना साधं दही शोधून द्या. डब्यावर ‘बियान्को’ लिहिलेलं बघा, नाहीतर बहुतेक दही गोड असतं.

पिआत्साले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकातून सूर्यास्त बघायची सगळ्यांची इच्छा असते. मे महिन्यात सूर्य साडेआठला मावळतो आणि तोवर मूल गाढ झोपलेलं असतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना मुलापाशी बसवून आई-बाबांनी बसनं वर जाऊन यावं. नसतील तर ती जागा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला करा. शहर तेच दिसतं, उजेड शहराच्या पाठीमागून न येता समोरच्या घुमटावर पडलेला असतो, आणि शेजारच्या पायऱ्या रिकाम्या असतात. रोमला जायचं असेल तर त्यानंतरही अकराच्या सुमाराची जलद गाडी आरामात मिळते. दीड तासाचा प्रवास आहे, जागा आधी आरक्षित करा आणि बाबागाडी मिटूनच डब्यात चढवा.